सीमेपलीकडचं बाळंतपण

आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. ती का येते, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण दिवस भरत आलेली बाई माहेर-सासर दोन्ही सोडून, सीमा ओलांडून, परक्या मुलखात बाळंत व्हायला का जाईल? आज आपण हाँगकाँगची हकीकत ऐकू या.

हाँगकाँग दीडशेहून अधिक वर्षं इंग्रजांकडे होतं. १ जुलै १९९७ ला ते चीनकडे परत गेलं. तरी तिथले कायदे, चलन, दवाखाने वेगळेच राहिले आणि मधली सीमाही राहिली. २००१ साली तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने निकाल दिला, की चिनी आईबापांचं मूल हाँगकाँगात जन्मलं, तर त्याला तिथे कायम राहण्याचा हक्क आहे. आईबाप तिथले रहिवासी नसले तरीही.

त्या वर्षी अशी सुमारे ६०० बाळं तिथे जन्मली. २०११ साली हा आकडा ३५ हजारांच्या वर गेला.

असं का झालं? एक कारण म्हणजे चांगली शाळा, चांगला दवाखाना आणि जगात सहज फिरता येईल असा पासपोर्ट. दुसरं कारण जास्त बोचणारं आहे. चीनमध्ये तेव्हा एकच मूल ही सक्ती होती. दुसरं झालं की मोठा दंड. अनेक ठिकाणी दंड भरल्याशिवाय बाळाचं नाव सरकारी नोंदीत चढत नसे. सीमेपलीकडे बाळंत झालं तर हे टळेल, असा हिशेब घराघरांत होऊ लागला.

पण हिशेब घरच्यांचा आणि जोखीम बाईची. २००७ पासून सात महिन्यांच्या पुढच्या गरोदर बाईकडे दवाखान्यात आधी नाव नोंदवल्याचा कागद नसेल, तर तिला सीमेवरूनच परत पाठवू लागले. मग काही जणी लपून राहत आणि कळा सुरू झाल्यावरच तातडीच्या विभागात धाव घेत. तिथल्या डॉक्टरांपुढे ना तपासणीचे कागद, ना मागची काही माहिती. इकडे हाँगकाँगच्या गरोदर बायकांनाही खाट मिळेना. त्याही रस्त्यावर उतरल्या. दोन्हीकडे आयाच होत्या.

१ जानेवारी २०१३ पासून, नवरा-बायको दोघंही बाहेरचे असतील तर त्यांची नोंदणी बंद झाली. आधी जन्मलेली कितीतरी मुलं मात्र शेजारच्या शेनझेन शहरात राहून, दप्तर घेऊन रोज सीमा ओलांडत शाळेला जात राहिली.

मुलं किती, हे कायद्याने ठरवणं आपल्यालाही नवं नाही. दोनपेक्षा जास्त मुलं असली, तर आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर बोला: मुलं किती हवीत, हे आपल्या घरात कोण ठरवतं? आणि त्याची किंमत कोण मोजतं?