सापापासून दूर राहायला कुत्र्याला कसे शिकवावे?

पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात, हे कोकणातल्या कोणत्याही डॉक्टरला माहीत असते. त्यातले काही प्रसंग कुत्र्यापासून सुरू होतात. रात्री कुत्रा अंगणात एकाच जागी भुंकत राहतो, घरातले कोणीतरी चप्पल न घालताच बाहेर जाते आणि कुत्र्याला ओढायला अंधारात हात घालते. दंश होतो तो त्या हाताला किंवा पायाला. म्हणून कुत्र्याला सापापासून दूर राहायला शिकवणे हे घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीही गरजेचे आहे.

हा धोका कुठे जास्त?

उरण तालुक्यातील जासई परिसर घ्या. एका बाजूला भातशेती आणि डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वस्ती आणि कंटेनर यार्ड. शेत आणि गोदामांमुळे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. बिळात पाणी शिरले की साप कोरड्या जागी सरकतात: लाकडाचा ढीग, पेंढा, विटा, पायरीखालची फट. कुत्रा नेमका अशाच ठिकाणी नाक खुपसतो. त्यामुळे कुत्र्यांना बहुतेक दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतात.

आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पावसाच्या सुमारास घोणशीची पिल्ले जन्मतात आणि त्यांनाही जन्मापासूनच विष असते. लहान साप म्हणजे कमी धोका, असे समजू नका.

कुत्रा साप ओळखायला शिकतो का?

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात अशी प्रशिक्षणे चालतात. कुत्र्याला खरा साप दाखवतात आणि तो जवळ गेला की गळपट्ट्यातून सौम्य विजेचा झटका देतात. घरी असे काही करू नका. साप पकडणे वा बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रतिबंधित आहे आणि त्यात शिकवणाऱ्यालाच दंशाचा धोका असतो. शिवाय झटक्याने घाबरलेला कुत्रा कधी उलटून चावतो.

प्लास्टिकच्या सापावरूनही फारसे साधत नाही, कारण त्याला सापाचा वास नसतो. म्हणून ध्येय वेगळे ठेवा. कुत्र्याला साप ओळखायला शिकवण्याऐवजी तुमची हाक ओळखायला शिकवा. समोर धामण आहे की घोणस, हे त्याला कळण्याची गरज नाही. हाक ऐकताच तो मागे फिरला पाहिजे.

घरी शिकवण्याची पद्धत

१. ‘ये’ ही हाक. सुरुवात घरात, शांत जागी करा. कुत्रा जवळ आला की लगेच आवडता खाऊ द्या. रोज ५ ते १० मिनिटे, दिवसातून दोनदा पुरे. हाक मारून जवळ बोलावल्यावर कधीही रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो येणार नाही.

२. ‘सोड’ हा शब्द. मुठीत खाऊ धरा. कुत्रा हुंगेल, चाटेल. तो नाक मागे घेईल त्या क्षणी ‘सोड’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला जास्त चांगला खाऊ द्या. मग खाऊ जमिनीवर ठेवून हेच करा.

३. दोन्ही एकत्र. लांब दोरीला बांधून अंगणात न्या. वाटेत रबरी नळीचा तुकडा ठेवा. कुत्रा तिकडे वळला की ‘सोड, ये’ म्हणा. आला की भरपूर कौतुक करा.

४. अवघड प्रसंग. हेच संध्याकाळी, दुसरी कुत्री आसपास असताना, शेताच्या बांधावर करून पाहा. दहापैकी नऊ वेळा कुत्रा मागे फिरेपर्यंत त्याला मोकळे सोडू नका.

शिकवलेले विसरले जाते. दरवर्षी मे महिन्यात उजळणी घ्या. शिकार करायची सवय लागलेला कुत्रा पूर्ण भरवशाचा होत नाही. त्याला रात्री घरात ठेवा आणि फिरवताना पट्टा व टॉर्च दोन्ही न्या.

कुत्रा सापाजवळ दिसला तर

- लांबूनच हाक मारा. कुत्र्याला हाताने ओढायला जाऊ नका.
- मुलांना घरात घ्या. टॉर्च लावा आणि पायात बूट घाला.
- कुत्रा मागे आला की त्याला आत बांधा.
- सापाला मारू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवा.

कुत्र्याला दंश झाला तर

तोंड वा पाय सुजणे, रक्त येणे, लाळ गळणे, उलटी, पाय लटपटणे, श्वास जड होणे ही लक्षणे दिसू शकतात. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. पशुवैद्यांना आधी फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध आहे का ते विचारा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी देऊ नका, ती कुत्र्याला अपायकारक ठरते.

वेदनेत असलेला कुत्रा मालकालाही चावतो. त्याला जाड चादरीत गुंडाळा. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

कुत्र्याला स्पर्श केल्याने सापाचे विष माणसाला चढत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

माणसाला दंश झाला तर

- रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका. दंश झालेला हात किंवा पाय फळी वा काठीच्या आधाराने न हलेल असा ठेवा.
- अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा.
- आवळून दोरी बांधू नका. जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका.
- १०८ वर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जा. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
- दंशाची वेळ सांगा. साप पकडून नेण्याची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालते आणि उपचार लक्षणे व रक्त गोठण्याची तपासणी पाहून ठरतो.

मण्यारीचा दंश अनेकदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे किंवा गिळायला त्रास झाला, तर दंश आठवत नसला तरी रुग्णालय गाठा.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. यातले बरेच वेळेवर उपचार मिळाले असते तर टळले असते.

आजच करा

तुमच्या जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात रात्रीही प्रतिसर्पविष मिळते आणि कोणता पशुवैद्य रात्री फोन उचलतो, हे आजच विचारून दोन्ही क्रमांक दाराजवळ लिहून ठेवा. कुत्र्याचे भांडे रात्री अंगणात ठेवू नका. उरलेल्या अन्नाला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. अंगणातला लाकडाचा ढीग भिंतीपासून दूर, जमिनीपासून थोडा उंच रचा. आणि कुत्रा रात्री भुंकला तर आधी टॉर्च, मग बूट, मग हाक. हात सगळ्यात शेवटी.