लाइम आजार म्हणजे काय? गोळ्या संपल्यावरही राहणाऱ्या दुखण्यावरून डॉक्टरांमध्ये वाद का?

गोचीड म्हटलं की आपल्याला गोठा आठवतो. संकरित गाईला गोचीडताप आला की दूध आटतं, इलाज वेळेत झाला नाही तर जनावर हातचं जातं. अमेरिकेत मात्र गोचीड म्हटलं की माणसाचा आजार डोळ्यासमोर येतो. त्याचं नाव लाइम. मोबाईलवर त्याची माहिती शोधली तर दोन टोकाच्या गोष्टी वाचायला मिळतात. एक म्हणते, तीन आठवड्यांत बरा होतो. दुसरी म्हणते, वर्षानुवर्षं अंगात राहतो.

लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं एक गाव. 1975 च्या सुमारास तिथल्या आणि शेजारच्या गावांतल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. लहान पोरांना संधिवात, तोही एकाच भागात एवढ्या जणांना, हे काही आयांना पटलं नाही. त्यांनी पाठपुरावा केला म्हणून येल विद्यापीठाचे डॉ. अॅलन स्टीअर तपासाला आले. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडात मळसूत्रासारखा पिळदार जीवाणू सापडला. 1982 मध्ये तो शोध जाहीर झाला आणि पुढे त्या जंतूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळालं.

हा आजार पसरवणारा गोचीड जंगलातल्या उंदरांवर आणि हरणांवर जगतो. त्याचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, त्यामुळे अंगावर चिकटलं तरी पुष्कळदा कळतच नाही. चावल्यावर काही दिवसांनी त्या जागी लाल चट्टा उठतो आणि पसरत जातो. ताप येतो, अंग मोडून येतं. याच वेळी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दोन-तीन आठवडे घेतल्या तर बहुतेक लोक बरे होतात. इथपर्यंत कुणाचंच दुमत नाही.

पुढे घोळ आहे. रक्ताची तपासणी जंतू दाखवत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दाखवते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उलट बरं झाल्यावरही प्रतिपिंडं काही वर्षं रक्तात राहतात. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्टवरून आजार आजचा की जुना, ते सांगता येत नाही.

त्यात उपचार पूर्ण झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांचा थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा महिनोन् महिने जात नाही. याला काय म्हणायचं, यावरच भांडण आहे. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांची मोठी संघटना म्हणते, हा उपचारानंतर उरलेला त्रास आहे, जंतू जिवंत असल्याचा पुरावा नाही. दुसऱ्या एका संघटनेचे डॉक्टर त्याला 'क्रॉनिक लाइम' म्हणतात. जंतू लपून राहतो, म्हणून अँटिबायोटिक अनेक महिने द्यावं, असं त्यांचं मत. माकडांवरच्या प्रयोगांत उपचारानंतरही जंतूचे अंश सापडले, याचा ते आधार देतात.

मग चाचण्या झाल्या. 2001 मध्ये काही रुग्णांना महिनाभर शिरेतून आणि पुढे दोन महिने तोंडावाटे अँटिबायोटिक दिलं, काहींना नुसतं दिसायला औषधासारखं. रक्त पॉझिटिव्ह असलेल्यांत खरं औषध घेणारे शंभरात 37 जण सुधारले, खोटं घेणारे 40. 2003 च्या एका चाचणीत थकवा काहीसा कमी झाला, बाकी फरक पडला नाही. नेदरलँड्समध्ये 2016 साली 280 रुग्णांवर प्रयोग झाला, तिथेही लांब कोर्सचा फायदा दिसला नाही. आणि हा कोर्स फुकटात पडत नाही. महिनोन् महिने शिरेत नळी ठेवल्याने रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची, त्यातून माणसं दगावल्याचीही नोंद आहे. शिवाय एकदा 'क्रॉनिक लाइम'चा शिक्का बसला की खरा आजार दुसराच असला तर तो शोधायचा राहून जातो.

तरीही रुग्णांचा राग समजण्यासारखा आहे. रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत, असं ऐकून घरी परतलेला माणूस जो डॉक्टर ऐकून घेईल त्याच्याकडे जाणारच. वाद सरकारदरबारीही गेला. कनेक्टिकटचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेंथल यांनी 2006 मध्ये मोठ्या संघटनेच्या उपचार-नियमावलीची चौकशी लावली. ती लिहिणाऱ्यांचे हितसंबंध गुंतलेत, असा आक्षेप होता. तडजोड होऊन स्वतंत्र समिती नेमली. 2010 मध्ये तिने नियमावली बरोबर ठरवली. मधल्या काळात, 2009 मध्ये, त्याच राज्याने लांब कोर्स देणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा केला होता. 2020 च्या नव्या नियमावलीतही हेच आहे की संसर्गाची ठोस खूण नसेल तर जादा अँटिबायोटिक नको.

आपल्याकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात 2016 पासून गोचिडामुळे होणारा माकडताप ओळखीचा झाला आहे. तो विषाणूचा आजार, लाइमचा त्याच्याशी संबंध नाही आणि अँटिबायोटिक त्या विषाणूवर चालत नाही. जंगलात जाऊन आल्यावर ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोचीड चावल्याचं आधी सांगावं, म्हणजे रक्ताचा नमुना कशासाठी पाठवायचा ते डॉक्टरांना कळतं.