आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हचे स्वतंत्र ईसीयूद्वारे नियंत्रण

आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह ही पेट्रोल इंजिनातील एक वायुझडप होय. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर थ्रॉटलची पाकळी मिटते. अशा वेळी इंजिन बंद पडू नये म्हणून आवश्यक तेवढी हवा ही झडप बगलमार्गाने आत सोडते. कंपनीच्या ईसीयूऐवजी मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो यांसारखा स्वतंत्र ईसीयू बसवल्यास हे कामही त्याच्याकडे येते. थ्रॉटल विद्युत मोटरने उघडणाऱ्या गाड्यांत सहसा अशी वेगळी झडप नसते.

प्रकार

दोन तारांच्या झडपेत विद्युत गुंडाळी असते व स्पंदांच्या कालप्रमाणानुसार झडप कमी-अधिक उघडते. स्टेपर प्रकारात चार तारा व दोन गुंडाळ्या असून मोटर ठरावीक टप्प्यांनी सरकते. ती कोठे आहे हे ईसीयूला कळत नाही; म्हणून तो झडप टोकापर्यंत नेऊन तेथून टप्पे मोजतो. वेग फाजील ठेवल्यास किंवा काजळीने झडप अडकल्यास मोजणी चुकते व पुढील सारे हिशेब बिघडतात. जोड्या उलटसुलट जोडल्यास मोटर केवळ थरथरते.

जुळवणी

प्रथम हवेची गळती व थ्रॉटलचा मूळ स्क्रू तपासणे अगत्याचे असते. यांतील दोष संगणकाने झाकता येतो, दूर होत नाही. त्यानंतर पाण्याच्या तापमानानुसार झडपेच्या उघडीपीचा तक्ता भरतात. थंड इंजिनाला अधिक हवा लागते. अखेरीस प्रत्यक्ष फेरे पाहून सुधारणा करणारे नियंत्रण सुरू करतात. ते अतितीव्र असल्यास फेरे सतत वरखाली होतात, कारण हवेतील बदलाचा परिणाम थोड्या विलंबाने दिसतो. म्हणून बारीक चढउतार ठिणगीची वेळ बदलून सावरतात व झडप संथ ठेवतात. एसीचा कंप्रेसर जोडला जाण्यापूर्वीच झडप थोडी अधिक उघडावी लागते.

नाशिक परिसरातील उपयोग

मायको या नावाने परिचित असलेल्या बॉशच्या कारखान्यामुळे नाशिकची ओळख डिझेल इंधनप्रणालीशी निगडित आहे. डिझेल इंजिनाची आयडल गती मात्र इंधनाच्या मात्रेने राखली जाते. पेट्रोल गाड्यांबाबत उंचीचा विचार करावा लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ ते ७ टक्के कमी असतो. त्यामुळे मुंबईत भरलेला तक्ता येथे किंचित अपुरा ठरतो. कसारा घाट उतरताना क्लच दाबताच फेरे झपाट्याने खाली येतात. तेथे इंजिन बंद पडल्यास पॉवर स्टिअरिंगचे साहाय्य जाते आणि ब्रेकचे साहाय्य काही दाबांतच संपते. यासाठी थ्रॉटल मिटताना झडप अंमळ उघडी ठेवून सावकाश बंद करण्याची सोय ईसीयूत वापरतात. ही चाचणी सपाट रस्त्यावर, गाडी उभी असताना करणे पुरेसे नाही.

कायदेशीर बाजू

पेट्रोल वाहनांच्या पीयूसी तपासणीत आयडल गतीवरील कार्बन मोनॉक्साइड मोजला जातो, त्यामुळे चुकीची जुळवणी तेथे उघड होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळे होतील असे फेरबदल करण्यास मनाई आहे.