रुसेल्सहाइमची सकाळ

तळघरातून वर येता तेव्हा उजाडलेलं असतं. घशात धूर आणि चुन्याची पूड. रात्री ब्रिटिश लँकॅस्टर विमानं ओपेलच्या कारखान्यावर आली होती, आणि माइन नदीकाठच्या या गावात कारखान्यापासून लांब असं काही नाही. आज 26 ऑगस्ट 1944. तुमच्या घराची कौलं रस्त्यावर पडली आहेत. रेल्वेचे रूळही उखडले आहेत, म्हणून आठ अमेरिकन कैद्यांना गाडीतून उतरवून गावातून पायी न्यावं लागतंय.

ही माणसं तुमच्या वाट्याला केवळ रुळांमुळे आली. त्यांचं लिबरेटर विमान दोन दिवसांपूर्वी हॅनोव्हरवरच्या हल्ल्यात पडलं. नववा जखमी साथीदार तिकडेच इस्पितळात राहिला. या आठजणांना ओबरउर्सेलच्या चौकशी छावणीत पोचवायचंय. रात्रीचे बॉम्ब त्यांचे नव्हते; ते तर तेव्हा कैदेत होते. विचारलंत तर कळेल. तुम्ही विचारत नाही.

दोन बायका ओरडतात, यांना मारा, फाडा. पहिला दगड कुणाचा, ते दिसत नाही. मग विटा, कौलं, काठ्या, हातोडे. पहारेकऱ्यांकडे बघा: ते अडवत नाहीत. त्यात नवल नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्येच पोलीसप्रमुख हिमलरनं फर्मान काढलं, की उतरलेले शत्रू वैमानिक आणि जनता यांच्यामध्ये पडणं हे पोलिसांचं काम नाही. या मे महिन्यात प्रचारमंत्री गोबेल्सनं वर्तमानपत्रात लेख लिहून तेच उघड सांगितलं. तुमचा राग खरा आहे, त्याबद्दल कोण काय बोलणार? पण आज त्याला जी वाट मिळाली, ती बर्लिनमध्ये बसून आधीच मोकळी करून ठेवलेली होती. बॉम्ब पडलेल्या प्रत्येक गावात कैद्यांचा जीव घेतला गेला असं नाही.

योझेफ हार्टगेन पिस्तूल घेऊन पुढे येतो. हवाई संरक्षणाचा स्थानिक अधिकारी, नाझी पक्षाचा माणूस. खाली पडलेल्यांवर तो एकामागून एक गोळ्या झाडतो. गोळ्या संपतात, म्हणून दोघे वाचतात. सगळ्यांना गाडीवर टाकून दफनभूमीकडे नेतात. वाटेत पुन्हा भोंगा वाजतो आणि तुम्ही सगळे आसऱ्याला पळता. मेल्याचं सोंग घेतलेले ते दोघे तेवढ्यात निसटतात. पुढे ते पुन्हा पकडले जातात, पण जिवंत राहतात.

आता सरळ जुलै 1945. डार्मश्टाट, अमेरिकन लष्करी न्यायालय. हे शहर तुमच्या त्या सकाळनंतर सुमारे दोन आठवड्यांनी ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात जळालं, हजारो माणसांसह. फिर्यादीकडून लिऑन जॉवोर्स्की उभा आहे. पुढे वॉटरगेट प्रकरणात निक्सनच्या मागे लागलेला तोच. बचावाचे वकील म्हणतात, प्रचारानं लोकांची डोकी फिरवली होती. न्यायालय ते मान्य करत नाही. गोबेल्सला साक्षीला बोलवायची सोय नाही, त्यानं मे महिन्यातच स्वतःला संपवलंय. हार्टगेनसह पाच पुरुष नोव्हेंबरात फासावर जातात. ‘मारा, फाडा’ ओरडणाऱ्या त्या दोघी सख्ख्या बहिणींची फाशी बदलून तीस वर्षांची कैद होते.

पिंजऱ्यात एकूण अकराजण होते. रस्त्यावर किती होते, ते तुम्हाला ठाऊक आहे.