सिंदफणेचं बीज

आम्ही माजलगाव तालुक्यातले भोई. आजोबांच्या काळी, म्हणजे निजामाच्या राजवटीत, सिंदफणा नदीवर आम्ही मासे धरायचो. कोणत्या डोहावर कोणत्या घरानं जाळं टाकायचं, हे जाणती माणसं बसून ठरवत, आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिला पूर आला की अंड्यावरची मासळी वर चढते. तेवढे दिवस आमच्या घरी जाळी खुंटीलाच असायची. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते, तिच्यामागचं एक कारणही हेच.

1987 साली माजलगावचं धरण पूर्ण झालं. डोह बुडाले आणि त्यांच्यावरची वहिवाटही बुडाली. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. त्यामुळे धरणात बोटुकली, म्हणजे माशांचं बीज, बाहेरून आणून सोडावी लागते. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवलं, म्हणूनच हे बीज देशभर मिळू लागलं. फार मोठं काम. पण आमचा हिशेब तिथं बदलला. नदीतला मासा कुणी पेरलेला नव्हता. धरणातला पैसे मोजून पेरावा लागतो, आणि ज्याचे पैसे त्याचा मासा.

तलाव ठेक्यानं देताना सरकार मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देतं, ते योग्यच आहे. पण ठेका आणि बीज यांचे पैसे आधी भरायचे, मासळी हाती येणार कितीतरी महिन्यांनी. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणाऱ्यानं एवढी रोकड आणावी कुठून? मग व्यापारी उचल देतो आणि भावही तोच ठरवतो. कागदावर तलाव संस्थेचा राहतो, एवढंच.

त्यात आमचा दुष्काळ. केज तालुक्यातलं मांजरा धरण 2016 साली इतकं आटलं की त्याच्या पाण्यावरच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. किनाऱ्यावरच्या कोळ्याचा समुद्र तरी आटत नाही. इथं पाण्याबरोबर बीज जातं आणि उचल डोक्यावर राहते.

आता किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. 2025 साली राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला आहे. तेव्हा माझ्या भावांनो, संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत पहिला ठराव हाच घ्या: यंदाचं बीज बँकेच्या कर्जातून आणायचं, व्यापाऱ्याची उचल घ्यायची नाही.