सुरतेच्या वाटेवरचे तरुण नेमस्त

तरुण म्हटला कीं तो जहालच असावयाचा, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. १९०५ ते १९०७ या वर्षांतील पुणें डोळ्यांपुढें आणलें म्हणजे ती बळावतेच. वंगभंगाची चीड, स्वदेशीच्या सभा, विलायती कापडाची होळी, आणि दर मंगळवारीं 'केसरी'ची वाट पाहणारीं माणसें! या धामधुमींत गोखल्यांच्या मागें जाणारा तरुण म्हणजे एक तर भित्रा, नाहीं तर सरकारी मेहेरबानीवर डोळा ठेवणारा, असें त्या वेळीं पुष्कळांना वाटे, अजूनही वाटतें. मला ते तरुण भित्रे वाटत नाहींत. ते चुकले, आणि ती चूक एका खुर्चीभोंवतीं घडली. ती खुर्ची काँग्रेसच्या अध्यक्षाची.

१२ जून १९०५ रोजीं पुण्याच्या एका टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनीं प्रथम स्वतः शपथ घेतली आणि मग ती तिघांना दिली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे ते तिघे. भारत सेवक समाजाचा जन्म तो हाच. देवधरांचें वय त्या वेळीं तेहतीस वर्षांचें होतें. खुद्द गोखले अजून चाळिशींत यावयाचे होते, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. स्वतःसाठीं पैसा मिळवावयाचा नाहीं, कोणाशीं वैयक्तिक भांडण करावयाचें नाहीं, देशाचा विचार आधीं आणि आपला नंतर, अशा अर्थाच्या सात प्रतिज्ञा त्यांनीं घेतल्या. ज्याला सुखाची नोकरी हवी असेल त्यानें हा मार्ग धरला नसता.

यांना 'स्थितिपालक' म्हणावें काय? राजकारणापुरतें म्हणावें. इंग्रजी राज्याची चौकट आहे ती धरूनच पुढें जावयाचें, कायद्यानें मिळालेली जागा सोडावयाची नाहीं आणि नवी मागत राहावयाचें, ही त्यांची रीत. पण येथें एक गंमत आहे. हाच सांभाळून पाऊल टाकणारा तरुण विधवांच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला कीं चार पावलें पुढें असे. आणि राजकारणांत आग ओकणारा पुष्कळ वेळां घरीं सोंवळें सोडावयास तयार नसे. १८९१ सालचा संमतिवयाचा वाद आणि १८९५ सालीं काँग्रेसच्या मंडपांत सामाजिक परिषद भरूं द्यावी कीं नाहीं यावरून पुण्यांत उठलेलें वादळ यांतून ही उलटापालट आधींच दिसली होती. तेव्हां आपल्याकडे पुराणमतवादी कोण, हें कोणत्या प्रश्नावर विचारतां यावर अवलंबून असे.

आतां त्या खुर्चीकडे वळूं. अमेरिकेंत अध्यक्ष निवडावयाचा म्हणजे देशभर मतदान होतें. आमच्या काँग्रेसचा अध्यक्ष त्या काळीं, ज्या शहरीं अधिवेशन भरावयाचें तेथील स्वागतमंडळ, बड्या पुढाऱ्यांच्या विचारानें, ठरवी. आणि मंडपांतील प्रतिनिधी टाळ्या वाजवून रुकार देत. मान एका वर्षाचा, अधिकार जवळजवळ कांहींच नाहीं. तरीही त्या नांवावरून सरकारनें आणि लोकांनीं काँग्रेसचा कल ओळखावा, असा प्रघात पडला होता. १९०६ सालीं कलकत्त्यास टिळकांचें नांव पुढें आलें, तेव्हां नेमस्त पुढाऱ्यांनीं एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाई नौरोजींना विलायतेहून पाचारण केलें. त्या नांवापुढें कोण बोलणार? पण दादाभाईंनींच व्यासपीठावरून 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला, आणि त्याच अधिवेशनांत स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठरावही मंजूर झाले.

१९०७ सालीं पाळी नागपूरची होती. तेथील टिळकपक्षीयांना लोकमान्य अध्यक्ष हवे होते. नेमस्तांना तें मान्य नव्हतें. स्वागतमंडळाची सभा गोंधळांत मोडली, आणि अधिवेशन सुरतेस हलविण्यांत आलें. सुरत म्हणजे सर फिरोजशहा मेहतांच्या वजनाचा मुलूख. तेथें नांव ठरलें कलकत्त्याचे कायदेपंडित डॉ. रासबिहारी घोष यांचें. जहालांनीं लाला लजपतराय यांचें नांव पुढें केलें. लालाजी मे महिन्यांत मंडालेस हद्दपार झाले होते आणि नोव्हेंबरांत सुटले होते. त्यांना अध्यक्ष करणें म्हणजे सरकारला देशाचें उत्तर देणें, असा हा विचार. तरुण नेमस्तांचें गणित वेगळें होतें. लंडनमध्यें उदारमतवादी मोर्ले भारतमंत्री होते, कायदे कौन्सिलांच्या सुधारणा विचाराधीन होत्या. अशा वेळीं हद्दपारींतून आलेला अध्यक्ष बसविला तर हातीं येणारा घास जाईल आणि काँग्रेसच चिरडली जाईल, ही त्यांची धास्ती. ती खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. लालाजींनींही हा मान घेण्याचें नाकारलें, हें विसरतां कामा नये.

पुढचें सर्वांस ठाऊक आहे. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी घोषांच्या नांवाला पाठिंबा द्यावयास उठले तों गलका झाला आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशीं टिळक तहकुबीची सूचना मांडण्यास व्यासपीठावर चढले आणि हलेनात. तेवढ्यांत एक पायतण भिरभिरत आलें, सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांवर जाऊन आदळलें. पायतण मऱ्हाठी घाटाचें होतें, असें तेथें हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज वार्ताहरानें टिपून ठेवलें आहे. त्यानेंच आणखी एक गोष्ट टिपली आहे, ती मला त्या पायतणापेक्षां मोलाची वाटते: टिळकांवर माणसें धांवून आलीं तेव्हां गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्या आड उभे राहिले.

नेमस्तांना खुर्ची मिळाली. पण ती मिळाली कशी? नागपुरांत मतें जुळेनात म्हणून गांव बदललें, आणि मूठभरांनीं नांव ठरविलें. चूक म्हणतों ती ही.

पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुका घ्या. आज तेथें कारेगांवाशेजारीं कारखान्यांच्या रांगा आहेत. त्या काळीं होती ती कोरडवाहू शेती आणि सावकाराची वही. याच तालुक्यांतील कर्डें गांवीं १८७४ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला, पुढच्या वर्षीं दख्खनचे दंगे झाले, आणि १८७९ सालीं सरकारला शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. 'बहिष्कार' या शब्दाला तरुण नेमस्त बिचकत होते. कर्ड्याच्या कुणब्यानें तो शब्द राजकारणांत येण्यापूर्वी तीस वर्षें वापरून पाहिला होता! कारेगांवच्या शेतकऱ्याला घोष हवेत कीं लालाजी, हें कोणीं विचारलें नाहीं. जहालांनीं तरी कोठें विचारलें, असें आपण म्हणाल. खरें आहे, पण ते निदान त्याला ऐकूं जाईल अशा आवाजांत बोलत होते.

देवधरांना ही उणीव उमगली असावी. त्यांनीं १९०९ सालीं रमाबाई रानड्यांच्या बरोबरीनें पुण्याचें सेवासदन उभारलें, आणि उमेदीचीं पुष्कळ वर्षें सहकारी चळवळींत घालविलीं. कर्डें-कारेगांवच्या शेतकऱ्याची गांठ सावकाराच्या वहीशींच होती, आणि ती सोडविण्याचा मार्ग सहकारांत आहे असें त्यांचें मत. द्रविड नागपुरास 'हितवादा'कडे गेले. १९१८ सालीं नेमस्तांनीं काँग्रेस सोडून मुंबईस आपली वेगळी परिषद भरविली, तिचे अध्यक्ष तेच सुरेंद्रनाथ.

मधल्या काळांत, १९१६ सालीं, लखनौस दोन्ही पक्ष पुन्हां एका मंडपांत आले होते. अध्यक्ष होते अंबिकाचरण मुजुमदार, पक्के नेमस्त; टिळकांनीं हरकत घेतली नाहीं. आणि १९१८ सालच्या दिल्ली अधिवेशनासाठीं अखेर लोकमान्यांची निवड झाली, तेव्हां ते चिरोल खटल्यासाठीं विलायतेस निघून गेले होते. त्यांच्या जागीं पंडित मदनमोहन मालवीय बसले.