नेत्रदोलन, जन्मजात

(निस्टॅग्मस). दोन्ही डोळे आपोआप, एकाच लयीत हलत राहण्याचा विकार. ही हालचाल बहुधा जन्मानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसू लागते.

स्वरूप : दोलन बहुतेक आडवे असते; वर-खाली पाहतानाही ते आडवेच राहते. टक लावल्यास वा मनावर ताण आल्यास वाढते, झोपेत थांबते. डेल’ऑसो व डॅरॉफ यांनी १९७५ मध्ये आलेखांवरून त्याची १२ तरंगरूपे वर्णिली.

कारणे : अल्बिनिझम, जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिपटलाचे आनुवंशिक विकार. कित्येकांत डोळा एरवी निरोगी असतो. अशा काही कुटुंबांत एक्स गुणसूत्रावरील एफआरएमडी७ जनुकातील दोष २००६ मध्ये आढळला. मेंदूतील नेमक्या यंत्रणेबद्दल मतभेद आहेत.

दृष्टी : दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर प्रतिमा क्षणभरच टिकते, त्यामुळे बारीक तपशील निसटतो. तरीही जग हलताना सहसा दिसत नाही. मोठेपणी नेत्रदोलन सुरू झालेल्यांना मात्र ते हलताना दिसते. जवळचे बहुधा लांबच्यापेक्षा बरे दिसते. पाहायला वेळ लागतो: थांबलेल्या एसटीची पाटी वाचता येते, धावतीची निसटते. अनेकांत नजरेच्या एका ठरावीक दिशेला दोलन सर्वांत कमी होते. ती दिशा साधण्यासाठी मूल मान वळवते. ही खोड नव्हे. ‘सरळ बघ’ म्हणून मान सरळ करायला लावल्यास त्याची उत्तम दृष्टीच हिरावली जाते.

तपासणी : एक डोळा झाकताच दोलन वाढून तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येईनाशा होऊ शकतात. म्हणून आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान हवी तशी वळवू देऊन दृष्टी मोजावी. नंतर एका डोळ्यापुढे धूसर करणारे भिंग धरून दुसरा तपासावा. घाई करू नये.

उपचार : चष्मा वा कॉन्टॅक्ट लेन्स. मान फार वळत असल्यास डोळ्यांच्या आडव्या स्नायूंची शस्त्रक्रिया करतात. तिच्या पद्धती अँडरसन व केस्टेनबाऊम यांनी १९५३ मध्ये स्वतंत्रपणे मांडल्या. औषधे : गॅबापेंटिन, मेमँटिन, लाभ मर्यादित.

शिक्षण : मान उजवीकडे वळवून डाव्या नजरेने पाहणाऱ्या मुलाला वर्गात उजव्या बाजूला बसवावे, म्हणजे फळा आपसूक डावीकडे येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील अल्पदृष्टीची व्याख्या दृष्टीची तीक्ष्णता व दृष्टिक्षेत्र मोजते; पाहायला लागणारा वेळ तीत येत नाही. या मुलांच्या परीक्षेत तोच वेळ आधी विचारात घ्यायला हवा.